सुरईची मान

सकाळी साडेनवाला दाराची घंटा वाजली तेव्हा पट्टीमास्तर स्टुलावर चढून मेहुणीच्या ऑफिसातलं घड्याळ सरळ करत होते. घड्याळ सरळच होतं. पण मास्तरांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नव्हता. खिशातली सहा इंची पट्टी लावल्याशिवाय त्यांना जगातली कुठलीच गोष्ट सरळ वाटत नसे. शाळेत पंचवीस वर्षं चित्रकला शिकवताना त्यांनी पोरांना एकच मंत्र दिला होता: डोळा फसवतो, पट्टी लावा. पोरांनी त्याची परतफेड ह्या टोपणनावाने केली होती.

शाळेला सुटी लागली की मास्तरांची बायको त्यांना आपल्या धाकट्या बहिणीकडे पिटाळायची. "घरातली भांडी मोजून झाली असतील तर तिच्याकडे जाऊन बसा," म्हणायची. ही धाकटी बहीण पूर्वी विमा कंपनीसाठी जळीत, चोरी, पडझड तपासायची. आता ती खाजगी चौकशा करायची, पण लोक अजून तिला तपासनीसबाईच म्हणत.

दारात तिशीतली एक बाई उभी होती. अंगावर नर्सचा गणवेश, डोळे रात्रभर न झोपल्यासारखे.

"माझे बाबा इतिहास मंडळाच्या संग्रहालयात आहेत. फुटक्या वस्तू सांधतात. चौतीस वर्षं झाली," ती बसता बसता म्हणाली.

"डिंककाका?" मास्तर स्टुलावरून उतरले. "अगं, मी त्यांना चांगला ओळखतो. काय झालं?"

"काल दुपारी निळी सुरई फुटली."

मास्तर मटकन खुर्चीत बसले. निळी सुरई म्हणजे त्या संग्रहालयाचा जीव की प्राण. हातभर उंचीची, चिनी मातीची, पोटावर निळ्या रंगात उडते बगळे. तिकिटावर तिचं चित्र, मंडळाच्या शिक्क्यावर तिचं चित्र.

"मोठ्या संग्रहालयाचे तज्ज्ञ आज संध्याकाळी ती प्रदर्शनासाठी न्यायला येणार होते," मुलगी सांगत होती. "काल बांधाबांधीसाठी बाबांच्या खोलीत आणून ठेवली आणि जेवणाच्या सुमारास तिचे तुकडे झाले. शेजारी पांढरा सुती हातमोजा सापडला. अध्यक्ष म्हणतात, बाबांनी निष्काळजीपणे हाताळली. आज चार वाजता समितीची बैठक आहे. तसा कबुलीजबाब लिहून दिला नाही तर पोलिसांत तक्रार, आणि लिहून दिला तर आजच्या आज बडतर्फ. निवृत्तीला चार महिने राहिलेत हो."

"आणि बाबा काय म्हणतात?" तपासनीसबाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"सही करतो म्हणतात." तिचा आवाज चिरकला. "त्यांनी केलेलं नाही हे, मी शपथेवर सांगते. चकचकीत भांड्याला बाबा जन्मात हातमोजा लावणार नाहीत. सुती कापड गुळगुळीत मातीवर सरकतं. हात धुवायचे, कोरडे करायचे आणि उघड्या हातांनीच उचलायचं, हे मी लहानपणापासून ऐकतेय. घरात साधी कपबशी कोणी फडक्याने उचलली तरी ते ओरडायचे. तो मोजा कोणीतरी मुद्दाम ठेवलाय. ज्याला ह्या कामातलं ओ की ठो कळत नाही, अशा माणसाने."

"मुद्दा चांगला आहे," बाई म्हणाल्या आणि पर्स उचलली.

वाटेत मास्तरांच्या तोंडून जुनी आठवण निघाली. ती निघाली की ते हसून सांगायचे, आणि ऐकणाऱ्याला त्यात हसण्यासारखं काही सापडायचं नाही.

"त्या सुरईनेच मला मास्तर केलं. मी अठरा वर्षांचा होतो. मंडळाची चित्रस्पर्धा होती, संग्रहालयातली एक वस्तू निवडून काढायची. बक्षीस म्हणजे मोठ्या चित्रशाळेचं चार वर्षांचं शिक्षण. सुरईसमोर ही गर्दी, म्हणून मी खिडकीच्या अंगाला बसून बाजूने काढली. चित्र दिलं, आणि छपराच्या डागडुजीसाठी संग्रहालय दीड महिना बंद. उघडलं त्या दिवशी निकाल. परीक्षकांनी माझं चित्र सुरईशेजारी धरलं आणि हसले. मी मान डावीकडे कललेली काढली होती. सुरईची मान ओळंब्यासारखी सरळ. बाकी सगळं उत्तम, म्हणाले, पण डोळ्यातच दोष आहे."

"म्हणून पट्टी," बाई म्हणाल्या.

"म्हणून पट्टी."

संग्रहालय म्हणजे दुमजली दगडी इमारत. खाली दालनं, वर कचेरी, आणि मागच्या बोळकांडीच्या टोकाला डिंककाकांची खोली. दारावरच्या पहारेकऱ्याने मास्तरांना नेहमीप्रमाणे तिकीट न मागता आत सोडलं. मास्तर दर वर्षी मुलांना घेऊन यायचे, आणि डिंककाकांनी कधी त्यांना तिकीट काढू दिलं नव्हतं. शिवाय चहा पाजायचे. मास्तरांना त्या म्हाताऱ्याबद्दल माया होती ती उगीच नाही.

बाईंनी आधी खोली पाहिली. लांब टेबलावर तुकडे कालच्यासारखेच पडले होते. टेबलाखाली त्यांनी गुडघे टेकून पाहिलं, कपाटामागे विजेरी मारून पाहिलं. एकही कपची सापडली नाही. मग भिंगाखाली एक तुकडा धरला. कडेला पांढऱ्या धाग्याचे बारीक तंतू चिकटले होते. सिंकजवळच्या दांडीवर दोन जाड पंचे वाळत होते आणि तिसरी खुंटी रिकामी होती.

"मोजा हाच का?"

मोजा सुती होता, पिवळट पडलेला, मनगटाशी शिंपल्याचं बटण. बाईंनी भिंतीतलं कपाट उघडलं. आत मोज्यांची अख्खी थप्पी होती, सगळे शुभ्र आणि इलॅस्टिकचे.

"हे बटणवाले कधी मिळायचे हो?" त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं.

"मी लागलो त्याला सत्तावीस वर्षं झाली. मी तरी इथे बटणवाला पाहिला नाही."

"काल आवाज ऐकलात?"

"एक वाजून गेला होता. मी दारावर तिकिटं फाडत होतो. धप्प झालं. एकदाच. मला वाटलं, पोतं पडलं कोणाच्या हातून."

"खळ्ळकन नाही?"

"नाही हो. धप्प."

"त्याआधी खोलीत कोण कोण गेलं?"

"बाराला क्युरेटरबाई सुरई ठेवून गेल्या. साडेबाराला अध्यक्ष डोकावून आले. काका येत-जात होतेच, त्यांची खोली ती."

क्युरेटर बाहेरच उभी होती. पस्तिशीची, पाच वर्षांपूर्वी लागलेली. रडून रडून नाक लाल झालं होतं.

"काका गेले की ही खोली माझीच होणार होती," ती स्वतःच म्हणाली. "तुम्ही विचारणारच, म्हणून सांगते. पण मला काकांनी घडवलंय. मी एकदा मोजे घालून बरणी उचलली तर त्यांनी माझा हात असा धरला की वळ उठले. थरथर कापत होते. मोजा ठेवून त्यांना अडकवायचं तर मी तरी ही चूक करणार नाही."

"हे खरं," बाई म्हणाल्या. "सुरई संग्रहात कधी आली?"

क्युरेटरने जुनी नोंदवही काढली. पन्नास वर्षांपूर्वी एका कुटुंबाने एकाच दिवशी बारा वस्तू दिल्या होत्या. सुरईचा फोटो होता, तोही समोरून घेतलेला एकच. बाईंनी दालनात जाऊन उरलेल्या अकरा वस्तू उलट्या करून पाहिल्या. प्रत्येकीच्या बुडाशी लाल रंगात, तिरप्या अक्षरांत क्रमांक.

"तेव्हाच्या कारकुनाचं अक्षर," क्युरेटर म्हणाली. "काका आल्यावर पद्धत बदलली. आधी पारदर्शक वार्निश, त्यावर काळ्या शाईने आकडा. नव्याने आलेल्या वस्तूंनाच फक्त. जुन्यांना त्यांनी हात लावला नाही."

खोलीत परतल्यावर बाईंनी सुरईच्या बुडाचा तुकडा उलटा केला, पाहिला आणि पुन्हा होता तसा ठेवला. मास्तरांनीही पाहिला. काळ्या शाईत, सुबक उभ्या अक्षरांत क्रमांक होता. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

"आणि ती पेटी?" बाईंनी सर्वांत वरच्या फळीकडे बोट केलं. लाकडी पेटीवर चिठ्ठी होती: किरकोळ तुकडे.

"ती काका कोणाला उघडू देत नाहीत. म्हणतात, कचरा आहे."

अध्यक्ष वरच्या मजल्यावर भेटले. सहा वर्षांपूर्वी निवडून आलेले, मोठे व्यापारी, संग्रहालयाची नवी इमारत उभी करायच्या ध्यासाने झपाटलेले. त्यांच्या पाठीमागे भिंतीवर त्यांचाच फोटो होता: हातात निळी सुरई, हातांत पांढरेशुभ्र इलॅस्टिकचे मोजे. मास्तरांनी बाईंना कोपराने ढोसलं. बाईंनी लक्ष दिलं नाही.

"फोटोच्या वेळी डिंककाका माझ्यावर सगळ्यांदेखत ओरडले होते," अध्यक्ष म्हणाले. "मी ते मनात ठेवलेलं नाही. पण सुरई गेली. प्रदर्शन गेलं. कोणीतरी जबाबदारी घ्यायला नको?"

"काल साडेबाराला खोलीत कशाला गेला होतात?"

"निरोप घ्यायला," ते जरा ओशाळून म्हणाले. "वस्तूचा माणसाला लळा लागतो हो. तज्ज्ञ तिला यंत्राखाली घालून तपासणार, म्हणून काकांना विचारलं, काही धोका नाही ना. काका काहीच बोलले नाहीत."

जिना उतरताना मास्तर उत्साहात होते. "मोजे घालून मिरवणारा हाच. ओरडा खाल्ला, तो राग मनात धरला. हाच तो, ज्याला कामातलं कळत नाही."

"भावोजी, तुम्ही घरी जा."

"का? मी काही चुकीचं बोललो?"

"ते स्पर्धेचं चित्र अजून आहे ना तुमच्याकडे? ते घेऊन या."

मास्तरांचा चेहरा पडला. एकतीस वर्षं ते चित्र ट्रंकेच्या तळाशी होतं. त्यांनी ते बायकोलाही धड दाखवलं नव्हतं. "माझं हसं करायला?" ते म्हणाले.

"मी कधी केलंय?"

केलं नव्हतं. मास्तर गेले.

साडेतीनला सगळे डिंककाकांच्या खोलीत जमले. अध्यक्ष हातात टाइप केलेला कागद घेऊन, क्युरेटर खिडकीशी, मुलगी बापाच्या खुर्चीमागे. डिंककाका बारीक चणीचे, बोटांवर वार्निशचे डाग. ते तुकड्यांकडे बघत नव्हते. मास्तर आत आल्यावर मात्र त्यांनी मास्तरांच्या हातातल्या गुंडाळीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"मला बोलावलं ते काकांची सुटका करायला," बाई म्हणाल्या. "त्यामुळे मीही मोज्यापासूनच सुरुवात केली. मोजा पाहिला की वाटतं, कोणा अडाण्याने ठेवला. अध्यक्षांवर संशय जावा इतकं ते सोपं होतं. पण अध्यक्ष सहा वर्षांपूर्वी आले आणि क्युरेटर पाच. कपाटात सगळे इलॅस्टिकचे मोजे. हा बटणवाला पहारेकऱ्याने सत्तावीस वर्षांत पाहिला नाही. म्हणजे ज्याने ठेवला त्याने तो त्याहूनही आधीपासून जपून ठेवलेला होता. इतका जुना माणूस इथे एकच आहे."

"बाबा कशाला स्वतःविरुद्ध पुरावा ठेवतील?" मुलगी म्हणाली.

"थांब. आधी तुकडे. वस्तू हातातून पडली किंवा कोणी रागाने आपटली तर कपच्या खोलीभर उडतात. इथे एकही उडाली नाही. कडांना पंच्याचे तंतू आहेत, एक पंचा गायब आहे, आणि आवाज झाला तो धप्प. सुरई पंच्यात गुंडाळून हळूच फोडली. फोडतानासुद्धा एक कण हरवू नये अशी सवय कोणाची असते? ज्याने आयुष्यभर कण वेचले त्याची."

डिंककाका बोटावरचा वार्निशचा डाग नखाने खरवडत होते.

"आता बूड. बारा वस्तू एकाच दिवशी आल्या, काका नोकरीला लागण्याच्या सोळा वर्षं आधी. अकरांवर जुन्या कारकुनाचा लाल क्रमांक. ह्या तुकड्यावर मात्र काळी शाई आणि काकांचं अक्षर. जुन्या वस्तूंना ते हात लावत नव्हते. मग ही सुरई जुनी नव्हे. हिचं बूड त्यांनीच बनवलं म्हणून आकडाही त्यांनाच घालावा लागला."

"म्हणजे खोटी?" अध्यक्ष उठून उभे राहिले. "खरी विकली ह्यांनी?"

"विकली असती तर इतकी वर्षं इथे डिंक लावत बसले नसते. खरी कधी गेली, तेवढं मला कळत नव्हतं. ते भावोजींना ठाऊक होतं, पण त्यांना ठाऊक आहे हे त्यांना माहीत नव्हतं. उघडा ते छपराच्या डागडुजीआधीचं चित्र."

मास्तरांनी गुंडाळी उघडली. पिवळ्या कागदावर सुरई होती, पंखांतल्या रेषांसकट बगळे होते, आणि मान डावीकडे कलली होती. कोपऱ्यात लाल पेन्सिलीने शेरा: दृष्टिदोष.

"काका, ती पेटी मी काढू का तुम्ही काढता?"

डिंककाका उठले. स्टुलावर चढले, पेटी उतरवली, सिंकवर जाऊन हात धुतले, कोरडे केले, आणि आतून उघड्या हातांनी सुरई बाहेर काढली. अंगभर सांध्यांच्या रेषा होत्या. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात, बाजूने दिसेल अशी ठेवली. बुडाशी लाल आकडा होता. मान डावीकडे कललेली होती.

"भट्टीतच वाकली असणार," ते म्हणाले. आवाज कोरडा होता. "समोरून कळत नाही, मागच्या बाजूला झुकते. मी नोंदवहीतल्या फोटोवरून नक्कल केली. फोटो समोरचा."

"कशी फुटली?" बाईंनी विचारलं.

"छपराचं काम चालू होतं तेव्हा. धूळ बसली म्हणून पुसायला घेतली. नियम होता, मोजे घालूनच हात लावायचा. मी घातले. सरकली." त्यांनी टेबलावरच्या मोज्याकडे पाहिलं. "इथे लागण्याआधी मी चिनी मातीच्या कारखान्यात रंगकाम करायचो. तिथल्या भट्टीत महिन्याभरात दुसरी केली. ही सांधायला पुढे चार वर्षं लागली. आता यंत्राखाली सगळं बाहेर येणार होतं. म्हटलं, फुटली असंच सांगायचंय तर नक्कल फोडून टाकू. आणि मोजा ठेवला, कारण निदान तेवढं तरी खरं असावं."

"तेव्हाच का नाही सांगितलंत?" मुलगी म्हणाली. एवढ्या वेळात तिने पहिल्यांदाच बापाच्या खांद्यावरचा हात काढला.

"मी कायम झालो नव्हतो. तू पोटात होतीस, सातवा महिना होता."

"माझ्यावर नका ढकलू, बाबा."

डिंककाकांनी सुरई दोन्ही हातांनी थोडी आत सरकवली.

अध्यक्ष सुरईभोवती एक फेरी मारून आले. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला होता.

"म्हणजे खरी आपल्याकडेच आहे," अध्यक्ष म्हणाले. "मग फारसं बिघडलेलं नाही. काल निष्काळजीपणाने फुटली, काकांनी रात्रीतून सांधली, एवढंच लिहायचं. एकतीस वर्षं लोकांना नक्कल दाखवली हे बाहेर गेलं तर नवी इमारत विसरा. हे ह्या खोलीबाहेर जाणार नाही. बाई, तुम्हीसुद्धा."

"रात्रीतून एवढं सांधून होतं का?" क्युरेटर हळूच म्हणाली.

"कोण बघतंय?"

बाई थंडपणे म्हणाल्या, "कोणी नाही. एकतीस वर्षांत ह्या वस्तूकडे नीट पाहणारा एकच माणूस निघाला. त्याला तुमच्या मंडळाने नापास केलं."

अध्यक्षांनी कागद पुढे सरकवला. डिंककाकांनी सही केली आणि खाली तारीख घातली. अध्यक्षांनी वाचलं, चरफडले आणि कागद फाडला. तारीख एकतीस वर्षांपूर्वीची होती. दुसऱ्या कागदावर त्यांनी कालची तारीख स्वतःच टाकली आणि डिंककाकांकडून पुन्हा सही घेतली. मग सगळे बैठकीला वर गेले. मुलगीही बाहेर पडली, बापासाठी न थांबता.

खोलीत मास्तर आणि डिंककाका उरले. बाई दाराशी उभ्या राहिल्या.

मास्तरांनी चित्र सुरईशेजारी धरलं. खिशातली पट्टी काढून आधी मातीच्या मानेला लावली, मग कागदावरच्या. पुन्हा एकदा लावली. झुकाव तोच होता.

"निकालाच्या दिवशी तुम्ही कुठे होतात?" त्यांनी विचारलं.

"तिथेच. परीक्षकांच्या मागे. दिवा धरला होता मी." डिंककाकांनी चित्राकडे पाहिलं. "तुम्ही म्हणालात, मी पाहिली तशीच काढली. मला वाटलं, आता बोलावं. मग ते हसले, आणि वेळ निघून गेली."

"आणि मग पंचवीस वर्षं मला तिकिटाशिवाय आत सोडलंत."

"हो."

"चहा पाजलात."

"मास्तर, मला..."

"मला वाटायचं, मी पोरांना घेऊन येतो म्हणून." मास्तर चित्राची गुंडाळी करू लागले, पण कागद नीट वळेना. "तुमची नोकरी गेली, ती जाणारच होती चार महिन्यांत. मी हजार पोरांना सांगत आलो, डोळ्यावर विश्वास ठेवू नका. हजार पोरांना. माफी मागू नका, काका. माझ्याकडे नाही ती."

डिंककाकांनी मान हलवली आणि सुरई पेटीत ठेवायला पुन्हा हात धुतले.

बाहेर रस्त्यावर ऊन होतं. दोघं चालत निघाली. कोपऱ्यावर बाई थांबल्या. "ताईला दाखवा चित्र," त्या म्हणाल्या. "शेरा खोडून टाका आधी."

"राहू दे," मास्तर म्हणाले. "खोडलं तरी कागदावर खूण राहतेच."

त्यांनी पट्टी सवयीने वरच्या खिशात ठेवली आणि पुन्हा बाहेर काढली. कुठे ठेवावी ते त्यांना कळेना, म्हणून घरी पोचेपर्यंत ती त्यांच्या हातातच राहिली.